काकू, च्या झाला का?

पौष लागला की माझ्या धाकट्या भावाचा आवाज माझ्याआधी शेतात पोचलेला असतो.

मी नगरला शाळेत शिकवते; शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तिथून एसटी पकडते, फाट्यावर उतरते आणि कॅनॉलच्या कडेनं घराकडे चालू लागते. सोनईच्या या अंगाला कॅनॉलचं पाणी जिथवर पोचतं तिथवर ऊस. पाणी थकलं की ऊस संपतो आणि ज्वारी सुरू होते. हा बदल मला डोळे मिटूनही कळतो. उसाच्या कडेला हवा कोंदट असते. ज्वारीशी आलं की गार वारा कानाला झोंबतो, पानं एकमेकांवर घासून सळसळतात आणि दुधात आलेल्या कणसांचा कच्चा, गोडसर वास नाकात शिरतो. मी पिशवी या हातातून त्या हातात घेते, आणि तेवढ्यात आमच्या रानातून आरोळी उठते, "हाऽऽ! हा हा हाऽऽ! उठा गं बायांनो, घरला जा!"

भोरड्यांचा थवा कणसांवरून उठतो, आभाळात एक गिरकी घेतो. गुलाबी पोटांच्या या पाहुण्या दर हिवाळ्यात आमची ज्वारी खायला कुठून कुठून येतात. मग थोडा वेळ सगळं शांत. आणि मग तोच आवाज, पण आता अगदी घरच्यासारखा, लाडात आलेला, "काकूऽऽ, च्या झाला काऽऽ?"

बांधापलीकडच्या वस्तीवरून मार्थाकाकूंचं उत्तर येतं, "झाला रे बाबा, ये!"

गंमत अशी, की माझा भाऊ अमोल तेव्हा पुण्यात असतो. रानात असतो तो बांबूच्या टोकाला बांधलेला भोंगा. पाखरं हाकलायला असे भोंगे हल्ली बाजारात मिळतात. लाल बटण दाबायचं, आपला आवाज भरायचा, आणि मग तो डबा दिवसभर थांबून थांबून आपल्या वतीनं ओरडत राहतो. आमच्या डब्यात अमोलचा आवाज आहे, आणि त्यात पाखरांचा काहीएक संबंध नसलेला चहाही आहे. काकू त्याला प्रत्येक वेळी उत्तर देतात. भाकरी थापताना देतात, शेळीची धार काढताना देतात. एकदा त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब घरी बसून प्रार्थना करत होते, तर 'आमेन'च्या जरासं आधी काकूंनी "झाला रे बाबा, ये!" म्हणून घेतलं. पाळकसाहेबांनी डोळे उघडून दाराकडे पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

मी एकदा चिडवलं, "काकू, अहो डबा आहे तो."

"मला काय कळत न्हाई व्हय?" काकू म्हणाल्या. "पन कुनी हाक मारल्यावर गप बसायचं म्हंजी काय गं?"

यंदा मात्र हे सगळं ऐकून मी हसत हसत घरी पोचले त्याच संध्याकाळी अमोलचा फोन आला. "बरंय," म्हणाला. आईनं जेवण विचारलं, "हो," म्हणाला. मी काम विचारलं, "चाललंय," म्हणाला. सपाट, पुसून घेतल्यासारखा आवाज. तो आवाज मी पूर्वी ऐकला होता. फोन ठेवताना म्हणाला, "ताई, पुढच्या शनिवारी येतो. रजा टाकलीय." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी आईकडे. दोघींनाही तोच हिवाळा आठवला होता.

तो हिवाळा काही वर्षांपूर्वीचा. अमोल पुण्यात फोनवर बोलायचं काम करायचा. कुणाचं मशीन बंद पडलं, कुणाचं पार्सल हरवलं, की ती माणसं यांच्या कंपनीत फोन करून भांडणार आणि हा त्यांना शांत करणार. आमच्या घरात सगळ्यांत बडबड्या हाच; लहानपणी गुरुजी त्याला फक्त पाणी पिण्यापुरतं गप्प करू शकायचे. म्हणून ही नोकरी लागली तेव्हा आम्ही म्हणालो होतो, बरं झालं, तोंडाचं चीज झालं. आणि एका मार्गशीर्षात तो पाठीवर सॅक अडकवून घरी आला तेव्हा त्याच्याकडे बोलायला शब्दच उरले नव्हते. झोप नाही, भूक नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, विश्रांती सांगितली होती आणि आजाराला नावही दिलं होतं. आईला ते नाव गावात सांगायला नको वाटे. ती सगळ्यांना सांगायची, अंगात कणकण आहे.

मग घरात सल्ल्यांचा पूर आला. कुणी म्हणालं फिरायला ने, कुणी म्हणालं लग्न लावून टाका. जो तो त्याच्यासमोर बसायचा, डोळ्यांत डोळे घालायचा आणि विचारायचा, "कसं वाटतंय आता?" बिचारा उत्तर शोधत राहायचा, आणि समोरचा ते मिळेपर्यंत उठायचा नाही. मी तर शिकलेली, तेव्हा घरूनच शाळेला जायची. मी त्याला रोज सकाळी मोबाईलवर सुविचार पाठवायची. उगवता सूर्य, त्याखाली कमळ, त्याखाली 'हसत राहा'. तो पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि मी अलीकडच्या खोलीतून कमळं पाठवत असायची!

मार्थाकाकू आल्या त्या दिवशी त्यांच्या हातात हुरड्याचं ताट होतं. ताट आईकडे दिलं, अमोलकडे एकवार पाहिलं, आणि कसं वाटतंय वगैरे काही न विचारता म्हणाल्या, "आमोल, मोकळा हाय का रे? माळ्यावर बसायला मानूस पायजे. पाखरं लई मातल्यात."

आई घाईनं म्हणाली, "अहो मार्थाबाई, बरं नाही त्याला."

"बरं नसलं तरी माळ्यावर बसता येतंय, वैनी. गोळ्या खिशात घाल बाळा, टायमाला खा, आन ये."

आमचा माळा म्हणजे चार लाकडांवर बांधलेला, शिडीनं चढायचा माच. पिकाच्या वर बसून पाखरं राखायची ही जागा. तो नेमका बांधावर आहे. एरवी आमच्याकडे बांध म्हणजे भांडायची जागा. सख्खे भाऊ वीतभर मातीसाठी कोर्टात जातात. पण बाबांनी आणि काकूंच्या मालकांनी मिळून हा माळा बांधला तेव्हा दोन पाय आमच्या रानात रोवले आणि दोन त्यांच्या. दोघंही आता नाहीत. माळ्याला मात्र अजून कुणी कुणाचा म्हटलेलं नाही.

अमोल माळ्यावर जाऊन बसला. नुसता बसला. पाखरं यायची, त्याच्या डोळ्यांदेखत कणसांवर उतरायची, पोटभर खाऊन जायची. तो बघत राहायचा. बांधावरून आईचा जीव खालीवर व्हायचा. "सगळं खातील हो," ती काकूंना म्हणायची. काकू म्हणायच्या, "खाऊन खाऊन किती खातील? पोटं केवढाली त्यांची!" आणि ठरल्या वेळेला दारातून हाक घालायच्या, "आमोल, च्या!" तो उतरायचा, ओट्यावर बसून गवती चहाचा वास असलेला तो कडक चहा प्यायचा, पुन्हा चढायचा. काकू आपल्या कामात. त्या काळात त्याच्याकडून कुणालाही काही नको असलेली जागा बहुधा तेवढीच होती.

मग एके दिवशी सकाळी भोरड्यांचा एवढा मोठा थवा उतरला की रान काळं दिसायला लागलं. मी शेळीला पाला घेऊन बांधावर आले होते. अमोल उभा राहिला. हात वर केला. आणि म्हणाला, "ए."

इतकं हळू, इतकं सभ्य, की मला वाटलं आता तो पाखरांना लाईनवर थांबायची विनंती करणार. मला हसू फुटलं. खालून काकू म्हणाल्या, "त्यांना आयकू न्हाई गेलं बाबा."

"हा," अमोल थोडा मोठ्यानं म्हणाला.

"आजून न्हाई."

"हाऽ!"

"शेजारच्या रानातली उडाली. आपली हायेत अजून!"

आणि मग त्यानं श्वास घेतला आणि पोटाच्या तळातून जी आरोळी ठोकली, ती आमच्या रानावरून, उसावरून, कॅनॉलवरून पार फाट्यापर्यंत गेली असेल. थवा भर्रकन उठला. आणि तिकडे लांब, कुणाच्या तरी माळ्यावरून तिला उत्तर आलं, "हाऽऽ!" त्याच्याही पलीकडून आणखी एक. आमच्याकडे हे असंच असतं. राखण करणाऱ्यानं एक हाळी दिली की ती वाया जात नाही, पुढच्या रानातला उचलतो. कोण आहे, कसा आहे, काही माहीत नसतं. हाळी आली, की हाळी द्यायची. अमोल थक्क होऊन ऐकत राहिला. त्यानं पुन्हा हाळी दिली, पुन्हा उत्तर आलं. आणि तो हसला. किती दिवसांनी हसला! मी हातातला पाला शेळीला न देता तशीच उभी होते, शेळीनं तो ओढून घेतला.

पुढे कधीतरी तो मला म्हणाला, "ताई, समोरचा आईवरून शिव्या देत असायचा आणि मी म्हणायचो, मी आपली अडचण समजू शकतो सर. आवाज चढवला की मार्क कापले जायचे. दिवसभर बोलायचो, पण माझा आवाज त्यात नव्हताच गं. हितं काकू म्हणाल्या, ऐकू नाही गेलं, मोठ्यानं ओरड."

त्या हिवाळ्यातलं काय काय सांगू! काकूंनी त्याला गोफण शिकवली. पण गोफणीत दगड घालू द्यायच्या नाहीत, मातीचं ढेकूळच घालायचं. "पाखराला लागू ने. नुसतं कळलं पायजे, की बाई, आता पुरं." आणि बांधाकडची शेवटची ओळ राखायचीच नाही असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. ती पाखरांची. इकडून उठवलेल्या भोरड्या तिकडे जाऊन बसायच्या आणि काकू त्यांना म्हणायच्या, "हां, तितं खावा. निवांत खावा." कुणाला हाकलायचं तर त्याला जायला जागा ठेवून हाकलायचं, ही रीत मी त्याआधी कुठे पाहिली नव्हती. आमच्या स्टाफरूममध्ये तर नक्कीच नाही.

नाताळ आला. काकूंच्या घरी दरवर्षी दारावर लागणारी कागदी चांदणी अमोलनं त्या वर्षी माळ्यावर नेऊन बांधली, घरातून वायर ओढून आत दिवा लावला. दिवेलागणीला फाट्यावर उतरणाऱ्या माणसांना ज्वारीच्या वर एक लाल चांदणी लटकलेली दिसायची. एसटीचे ड्रायव्हरसुद्धा वाकून बघायचे. ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या चर्चच्या मंडळींत अमोलही सामील झाला आणि भसाड्या आवाजात मनसोक्त बेसूर गायला. कुणी त्याला गप्प केलं नाही. करंज्या खाऊन खाऊन त्याचे गाल वर आले. आई मग गावात कणकण गेली म्हणून सांगू लागली.

तो एका हिवाळ्यात ठणठणीत झाला असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालूच राहिल्या, नगरच्या डॉक्टरीण बाईंकडे फेऱ्याही चालू राहिल्या. काकू स्वतः त्याला गोळीची आठवण करायच्या. पण गोळीनं झोप येऊ लागली आणि माळ्यानं जाग आली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढे त्यानं पुण्यातच दुसरी नोकरी धरली, गोदामाचं काम, फोन नसलेलं. निघायच्या आधी सोनईच्या बाजारातून हा भोंगा आणला. आता मी नाही तर राखण कोण करणार, म्हणून. माळ्यावर बसून लाल बटण दाबलं, साग्रसंगीत आरोळ्या भरल्या, आणि बटण बंद करायचं विसरून सवयीनं ओरडला, "काकूऽऽ, च्या झाला काऽऽ?" भोंगा लावून पाहिला तेव्हा आम्ही सगळे हसून लोळलो. अमोल म्हणाला, थांबा, पुसून पुन्हा भरतो. काकूंनी भोंगा त्याच्या हातातून काढून पदराखाली घेतला. "ऱ्हाऊ दे. पाखरांना बी कळू दे, हितं च्या मिळतो." तेव्हापासून तो हंगामभर रानात ओरडतो आणि सुगी झाली की टॉवेलात गुंडाळून काकूंच्या फडताळात जाऊन झोपतो.

आमच्या शाळेत मध्यंतरी ताणतणावावर कार्यशाळा झाली. पडद्यावर चित्रं, मंद संगीत. डोळे मिटा आणि समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा, असं सांगितलं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी समुद्र पाहिलेला नाही. शेजारच्या बाई तर चक्क झोपल्या, आणि त्यांना त्याची गरजही होती. मी ज्वारी डोळ्यांपुढे आणली. कार्यशाळा घेणाऱ्या बाईंनी सांगितलं ते सगळं खरंच होतं. मन मोकळं करा, कुणाशी तरी बोला. माझ्या मनात एवढंच आलं, की बोलणाऱ्याला आपण सारखं बोल म्हणतो. त्यानं हाक मारली तर ओ द्यायला आपण जागेवर असतो का, हे कुणी विचारत नाही. फोन वाजतो, आपण नाव बघतो, आणि मग करू म्हणून उलटा ठेवून देतो. माझाही फोन कितीदा तरी तसा उलटा पडलेला असतो.

तर हा शनिवार. मी फाट्यावर उतरले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, ऊस संपला, ज्वारी आली. आणि रानातून आवाजच आला नाही.

मी थांबले. पानांची सळसळ, पाखरांचा कलकलाट, बस्स. मी जवळजवळ धावतच काकूंच्या ओट्यावर गेले. भोंगा टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला.

"बिघडला?"

"न्हाई गं. मी उतरवला," काकू चुलीत काटकी सारत म्हणाल्या. "मानूस आलाय. मग डबा कशाला?"

अमोल सकाळीच पोचला होता. आईशी चार शब्द बोलला, अर्धी भाकरी खाल्ली आणि आपला आपण माळ्यावर जाऊन बसला होता. ओट्यावरून त्याची पाठ दिसत होती. वाकलेली, गप्प. त्याच्या चारी बाजूंना भोरड्या बिनधास्त खात होत्या. माझ्यानं बघवेना. मी तोंडाशी हात नेले, आता ओरडणार, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"खाऊ दे."

"अहो पण काकू..."

"खाऊ दे, नंदे. त्याची पाळी हाय."

आम्ही बसलो. चहाला उकळी आली, काकूंनी पातेलं खाली घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा चुलीवर ठेवलं, भांडंभर पाणी वाढवलं. गवती चहाचा वास ओटाभर झाला. काकूंची नजर माळ्यावरच होती. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. त्या देवबापाशी बोलत होत्या, आणि मीही माझ्या देवाला कामाला लावलं होतं.

"हा," माळ्यावरून आलं.

बारीक, कोरडं. भोरड्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. काकूंनी माझं मनगट आणखी घट्ट धरलं. त्या या वेळी 'ऐकू नाही गेलं' असं म्हणाल्या नाहीत. ते काम दुसऱ्या कुणीतरी केलं. लांबून, कॅनॉलच्या अंगानं, कुणाची तरी हाळी आली, "हाऽऽ!" कोण होतं कोण जाणे. आपली पाखरं उठवत असेल बापडा.

अमोलची पाठ सरळ झाली. तो उभा राहिला. आणि मग आली ती आरोळी, भोंग्यातली नव्हे, फुफ्फुसांतली, "हाऽऽ! हा हा हाऽऽ! उठा गं बायांनो, घरला जाऽऽ!" थवा उठला, त्याच्या डोक्यावरून वळला आणि बांधाकडच्या शेवटच्या ओळीवर जाऊन बसला. त्यानं तो पूर्ण वळेपर्यंत पाहिला. मग आमच्याकडे तोंड केलं, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"काकूऽऽ, च्या झाला काऽऽ?"

इतके हिवाळे डब्याला न चुकता ओ देणाऱ्या मार्थाकाकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना आवाजच फुटेना. डोळे भरून आलेले, पदर तोंडाशी, हातानं मला खुणावतायत, तू, तू सांग. मी ओट्यावर उभी राहिले. मला साधं वर्गातसुद्धा ओरडता येत नाही असं मुलं म्हणतात. पण त्या दिवशी मी अशी ओरडले की शेळी दचकली, "झाला रे बाबाऽऽ, येऽऽ!"

माळ्याच्या शिडीवर त्याचे पाय दिसले. घाईनं, दोन दोन पायऱ्या सोडत. काकूंनी पदरानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

"आगं येडे, साखर तरी पडू द्यायचीस!"